सक्करदऱ्याचे रखवालदार

समस्त नागरिकांना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, आमच्या शेजारचे सर हयात असेपर्यंत सक्करदऱ्यातलं एकही पोर शिकायला मध्य प्रदेशात जाणार नाही. गेलंच, तर सरांशी भांडून जाईल.

सरांनी जन्मभर इथल्या विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले, पण राखण सुटली नाही. बाजारात संत्रं हुंगतात आणि मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचं निघालं की परत ढिगावर ठेवतात. पेंचचा वाघ हद्द ओलांडून पलीकडे गेल्याची बातमी आली की त्या वाघाचं नाव काढत नाहीत. निकाल लागले की गल्लीतल्या पोरांना घरी बोलावून तर्री-पोहे वाढतात आणि घास तोंडात असतानाच गाठतात, "काहून जाऊन राहिला गा तिकडं? ते लोक पोह्यावर तर्री नाही, शेव टाकतेत. त्यायच्यापाशी काय शिकशील?" पोरं मान डोलावतात, आणखी एक प्लेट घेतात आणि तिकडेच जातात.

यंदा मात्र त्यांची लेकच निघाली. विषय बापाचाच, विद्यापीठही सरकारीच, पण पलीकडच्या राज्यातलं. सर गरजले, "घरचं विद्यापीठ सोडून? मी तोंड कुठं दाखवू?"

लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमच्या जागेवर अजून कोणी आलं का? तासिकेवरचे सर येतात, तेही दिवाळी उलटल्यावर. मले रोज येणारा मास्तर पाहिजे. तो जिथं भेटीन, तिथं मी जाईन."

सर म्हणाले, "ठीक आहे. मी येतो. त्या मास्तरची परीक्षा घेतो. नापास झाला तर तू परत."

"घ्या न."

गाडी माझी होती, म्हणून साक्षीदारही मीच. वाटभर सर अवघड प्रश्न घोकत होते. राज्याची हद्द आली तशी त्यांनी काच वर केली. तिकडची हवा नको म्हणे.

पोचलो तेव्हा वर्ग चालू होता. शिकवणारी बाई सरांच्या लेकीहून फार मोठी नसावी. तिने एक काळा दगड पोरांच्या हातात दिला होता. "पहले देखो, फिर बोलो," एवढंच म्हणून ती गप्प बसली होती, आणि पोरं आपसात कडाक्याने भांडत होती. दगड हातोहात फिरत दारापर्यंत आला. सरांनी तो घेतला, चष्मा कपाळावर सारला, अंगठ्याने दगड हळूच पुसला. घोकलेले प्रश्न कुठे गेले कोण जाणे. मी हलकेच कोपर मारलं, तरी त्यांचं लक्ष नाही.

बाईंनी अदबीने विचारलं, "जी सर, कोई काम था?"

भर वर्गासमोर सर बोलून गेले, "मागच्या बाकावर मलेही बसू द्या ना."