ठेंगणे सरांची एकच चूल

ठेंगणे सर गेल्याची बातमी वसतिगृहाच्या स्वयंपाकीण सखूबाईंनी आणली. सकाळी मी अंगणात दात घासत होतो. त्या फाटकातूनच म्हणाल्या, "भाऊ, सर उठूनच नाई राह्यले." मला वाटले, ताप वाढला असेल. "मग डॉक्टरले बोलवा ना," मी म्हणालो. त्या तशाच उभ्या राहिल्या... तेव्हा कळले. याला आता दीड महिना झाला. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की दर वेळी कागदावर वेगळाच माणूस उतरतो. म्हणून स्वतः पाहिले तेवढेच सांगतो.

चांद्याला कॉलेज निघाले तेव्हा आम्ही दोघे बरोबरच लागलो. ते भूगोल शिकवत, मी हिशेबशास्त्र. ते मूळचे नागभीडकडचे. विलायतेत दोन वर्षे शिकून आलेला माणूस नागपूरसारखे शहर सोडून इथे का आला, हे मला तेव्हाही उमगले नव्हते. विचारले की म्हणत, "तिथच्या भोजनघरात दोन वर्षं एकाच टेबलावर जेवलो, भाऊ. मीठ इकडे सरकवा, याच्यापुढं कोणी बोललं नाई. मीबी नाई." हे उत्तर माझ्या प्रश्नाचे कसे, ते मात्र त्यांनी कधी सांगितले नाही. वसतिगृहाची देखरेख त्यांनी मागून घेतली. तोवर सिरोंच्याकडची तेलुगू मुले एका बाजूला राहत, अहेरी-धानोऱ्याकडची गोंड मुले दुसऱ्या बाजूला, ब्रह्मपुरी-वरोऱ्याची मराठी मुले तिसरीकडे. चुलीही तीन होत्या. सरांनी दोन चुली काढून टाकल्या आणि प्रत्येक खोलीत तिन्हीकडची मुले घातली. वर नियम असा की पानावर बसल्यावर शेजाऱ्याकडे जे मागायचे ते त्याच्याच भाषेत. मागता आले नाही तर बसून राहायचे. सुरुवातीला कितीतरी मुले अर्धपोटी उठली. शिकून पुढे बाहेरच्या जगात जाणाऱ्या मुलांची तयारी इथून सुरू व्हायला हवी, असे त्यांचे म्हणणे. मी तक्रारी मोजत असे, कारण ती माझी सवय आहे. एकदा मी स्पष्टच म्हणालो, "सर, तीन चुली होत्या तेव्हा भांडणं कमी होती. आकडे तुमच्या विरुद्ध आहेत." ते म्हणाले, "बरोबर आहेत तुमचे आकडे." आणि गप्प बसले. वाद घातला असता तर मला बरे वाटले असते.

मग स्वीडनचे एक वनशास्त्राचे अध्यापक आले. आलापल्लीचे सागवान पाहून परतताना वसतिगृहात जेवणार होते. सरांनी आठवडाभर मुलांना परदेशी रीत शिकवली. हात कसा मिळवायचा, बोलताना कुठे पाहायचे, आणि विलायतेत लोक घरात पायातले काढत नाहीत, हेही. पाहुण्याला परके वाटू नये म्हणून मुलांनी गावभरातून जोडे मागून आणले आणि ते घालून जेवणघरात ओळीने उभी राहिली. सखूबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "आजच सारवलं मी! जोडे घालून उभे राह्यले, नवरदेव होय का रे तुमी?" इतक्यात पाहुणे दारात आले... अनवाणी. त्यांना कोणीतरी इथली रीत सांगितली होती. जोडे-मोजे त्यांनी फाटकापाशीच काढले होते आणि तापलेल्या मातीवरून ते पाय उचलत आले होते. मुले एकमेकांच्या पायांकडे पाहू लागली. शेवटी धानोऱ्याकडच्या मडावीने मटकन खाली बसून घट्ट झालेला जोडा ओढून काढला, पाहुणे मोठ्याने हसले, आणि जेवण झकास झाले. सर मात्र हसले नाहीत. संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन म्हणाले, "पोराईकडून मी नुसतं पाठ करून घेतलं, भाऊ. पाहुण्याले विचारा म्हणून सांगाचं राहूनच गेलं. मी काय शिकवून राह्यलो, मलेच समजत नाई." मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो तसाच निवून गेला. त्यानंतर त्यांनी परदेशी रीतिभाती शिकवणे बंद केले. चूल मात्र एकच ठेवली.

ते गेल्यावर वसतिगृह माझ्याकडे आले आणि लगेच कॉलेजच्या समितीपुढे अर्ज आला की तीन चुली पुन्हा सुरू कराव्या. निर्णय माझ्या मतावर ठरणार होता. माझे आकडे सरळ सांगत होते, वेगळ्या करा. सभेच्या आदल्या संध्याकाळी मी जेवणघरात गेलो आणि सिरोंच्याच्या लिंगय्याला विचारले, "वेगळी चूल हवी का रे?" तो म्हणाला, "पाह्यजे ना सर! या लोकाईच्या भाजीत चिंचच नसते." मडावी पलीकडून ओरडला, "याची चिंच खाऊन माये दात आंबले, सर!" आणि दोघांची जुंपली. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आले की लिंगय्या गोंडीत शिव्या देतो आहे आणि मडावी तेलुगूत. मडावी मध्येच अडला, त्याला शब्द सुचेना. तो लिंगय्यानेच पुरवला, आणि भांडण पुढे सुरू झाले. सखूबाई म्हणाल्या, "रोजचंच आहे, भाऊ. तुमी काऊन उभे? बसा, वाढते."

दुसऱ्या दिवशी सभेत मी म्हणालो, चूल एकच राहू द्या. अध्यक्षांनी कारण विचारले. आकडे उलटे होते, ते मी लपवले नाहीत. पाहिलेले भांडण सांगून पाहिले, तर दोघे सभासद म्हणाले, म्हणजे भांडणे होतातच ना? होतात, मी म्हणालो. पुढे मला धड काही बोलता आले नाही. 'वर्षभर पाहू' एवढ्यावर ते थांबले. सर असते तर काय बोलले असते, याचा मी पुष्कळ विचार केला. बहुधा तेही गप्प बसले असते...

आता संध्याकाळी मी जेवणघरात जाऊन बसतो. कलकलाट असला की स्वस्थ वाटते. का वाटावे, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. पण एखाद्या दिवशी सगळे खाली मान घालून निमूट जेवत असतात, तेव्हा मला ते सहन होत नाही. मग मीच मोठ्याने विचारतो, "आज भाजीत चिंच कोणी घातली रे?"