रबराने मेमरी पुसणारा

माझी शाळा चौथीपर्यंतच. अक्षर वाकडे, शुद्धलेखन कच्चे, त्याची आधीच माफी मागते.

दसऱ्यानंतर लेकीचा कॉम्प्युटर सारखा बंद पडू लागला. एके दिवशी तिला संध्याकाळपर्यंत नोकरीचा अर्ज पाठवायचा होता आणि सगळे कागद त्यातच होते. मुळगावहून बसने तो मांडीवर घेऊन आम्ही डिचोलीच्या दुकानात गेलो.

"मेमरी गेलीशी दिसता," दुकानदार म्हणाला आणि नवीसाठी पंधराशे रुपये घेतले.

शीळ घालत त्याने एकेक स्क्रू काढून बाटलीच्या झाकणात ठेवला. मेमरीची पट्टी उपसली आणि शीळ थांबली. चिमट्यात तांदळाचा दाणा होता, लाल पिंजर, म्हणजे कुंकू लागलेला.

"ह्याची पूजा कोणी केली?"

"आईनं," लेक म्हणाली. मी मान खाली घातली.

"वयनी, पिंजर वयर लावा. पोटात अक्षता कित्याक घालता?"

तो पोट धरून हसला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून मीही हसले. परक्या माणसासमोर मी अशी कधी हसत नाही.

शाळेतल्या साध्या रबराने त्याने पट्टी हळुवार पुसली, फुंकर मारली, परत बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. लेकीने तिथेच बसून अर्ज पाठवला.

मग त्याने गल्ला उघडला आणि पंधराशेच्या पंधराशे माझ्या हातावर ठेवले.