दोन शाळांची पोर

माझ्या आईबापाची काडीमोड झाली तेव्हा मी पाच वर्षांची होते. पंचांसमोर गवताची काडी मोडली की नवराबायको मोकळी, अशी आमच्यात रीत होती. काडीचं काम चटकन उरकलं. घोडं अडलं ते माझ्यापाशी. आई म्हणे पोर माझी, बाप म्हणे पोर माझी. मग पंचांनी डोकं लढवलं. बाप दिवाळीनंतर मिठागरावर राहायला जातो, पावसाळ्यात घरी शेती करतो. तेव्हा पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत पोर बापाकडे, जासईजवळच्या गावात. आणि दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत आईकडे, पनवेलला मामाच्या घरी. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मंडळी जेवायला बसली. पोरीला उद्या शाळेत घालावं लागेल, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

घातलं, तेही दोघांनी, आपापल्या शाळेत! एकाच शाळेत घालू, असं दोघांपैकी एकजण जरी म्हणाला असता तर त्याची हार झाली असती ना. गावच्या शाळेत लावणीच्या दिवसांत निम्मा वर्ग चिखलात असायचा आणि गुरुजी उरलेल्या पोरांना घेऊन बसून राहायचे. पनवेलचे मास्तर मात्र कुणासाठी थांबत नसत. त्यामुळे गावात महाराजांचा जन्म व्हायचा, बारसं व्हायचं, आणि दिवाळीनंतर मी पनवेलला पोचेपर्यंत त्यांना राज्याभिषेक झालेला असायचा. मधले किल्ले कुणी घेतले, कधी घेतले, मला काही पत्ता नाही. गणिताचंही तेच. मास्तर विचारायचे, "डोकं कुठे ठेवून आलीस?" या वयातही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. मी काय माझ्या हौसेनं फिरत होते?

तिसरीत मी दोनदा बसले. चौथीत पुन्हा आपटले. बाप म्हणाला, "आयसनं लाडावून ठेवली." आई म्हणाली, "बापासारकंच डोकं हाय." शेवटी मास्तरांनीच दोघांना शाळेत बोलावून घेतलं आणि बजावलं, "हिला एक पूर्ण वर्ष एका शाळेत बसू द्या. नाहीतर ही चौथीतच म्हातारी होईल."

त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. एक अख्खं वर्ष, एक वर्ग, एक मास्तर. कुठे, त्याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

पुन्हा पंच बसले. पुन्हा तेच रडगाणं. आई म्हणाली, माझ्याकडे. बाप म्हणाला, मग मी पोरीचं तोंड कधी बघायचं? एका पंचाने तर, मास्तरांनाच दिवाळीपर्यंत दमानं शिकवायला सांगा, असाही तोडगा काढला. मला हसावं की रडावं कळेना. कुणीतरी म्हणालं, पोरीला विचारा. मी म्हटलं, "मना कुटंबी ठेवा. पन वरीसभर एकाच शालंत बसवा."

बाप खाली बघत बसला. मग म्हणाला, "पनवेलची शाला बरी हाय म्हनतात. ऱ्हाऊं दे तिकडंच. चौथी होवंपरेंत." मला त्याची दया आली, पण आनंद जास्त झाला, हे खरं.

ते वर्ष मी हावरटासारखी शिकले. किल्ले एकामागून एक घेतले. बाप अधूनमधून मिठागरावरून येई, ओट्यावर टेके आणि विचारी, "कुठवर आलं पुस्तक?" मी चांगली पास झाले. मास्तर म्हणाले, हिला पाचवीत घाला, पोरगी हुशार आहे.

मे महिन्यात बाप आला. आईने स्वतः चहा आणून त्याच्यापुढे ठेवला. एरवी ती मामाच्या हाती पाठवायची. मी हरखले आणि पाचवीचं सांगून टाकलं.

"चौथी झाली ना?" बाप म्हणाला. "लिवाया-वाचाया येतंय. बास झालं."

मी आईकडे बघितलं. बाप उकडतंय म्हणाला तर वारा सुटलाय म्हणणारी माझी आई!

"मी पन त्येच म्हनत व्हते," ती म्हणाली. "भाताच्या गिरनीत कामाला येल माझ्यासंगं."

"लावनीला मातर माझ्याकडं."

"तुमच्याकडं. मंग दिवालीपासून माझ्याकडं."

ना पंच, ना तंटा. चहा निवायच्या आत ठरलंसुद्धा. या दोघांनी एकदा तरी एकमेकांचं ऐकावं म्हणून मी देवाला किती वेळा हात जोडले होते! मला रडू फुटलं. मी ओरडले, "आता भांडा ना! आता का नाय भांडत?"

"येडी झाली काय ही?" आई बापाला म्हणाली.

बाप म्हणाला, "येडीच हाय."