उजव्या बाजूची चाकं

गाडी धुऊन झाली की तो फडकं खांद्यावर टाकायचा आणि मालकाकडे बघून म्हणायचा, "चकाचक." बावीस वर्षं हे एवढंच भाषण केल्यावर लोक त्याचं खरं नाव विसरले तर नवल नाही. शेडमध्ये सगळे त्याला चकाचकच म्हणत. बायको तेवढी 'अहो' म्हणे, तीही त्याच शेडमध्ये कामाला होती.

शेड पेट्रोल पंपाच्या मागे. वर पत्रा, खाली उतरती फरशी आणि मधोमध गाळाची टाकी. गाडी आत आली की बारा मिनिटांत बाहेर जायला हवी, हा मालकाचा कायदा. टप, दारं, काचा चकाचककडे आणि चाकं बायकोकडे. चाकांचं काम सगळ्यात वाईट. ब्रेक घासून जी काळी भुकटी उडते, ती चाकाच्या नक्षीत जळून बसते आणि शाम्पूला अजिबात दाद देत नाही. तिच्यासाठी एक ॲसिड होतं. झाकण उघडताच ठसका लागायचा, म्हणून त्याला सगळे 'तिखट' म्हणत. बायको नऊ वर्षं बसक्या स्टुलावर बसून, चाकापासून वीतभर अंतरावर तोंड ठेवून तिखट मारत होती. हातात रबरी मोजे असत, नाकावर पट्टी असे. तरी आत जायचं ते जायचंच.

खोकला आधी हवा बदलल्याचा वाटला. मग ती जिन्यात मधल्या पायरीवर बसायला लागली. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "हा वास बंद करा. अजून एक वर्ष असंच चाललं, तर बसल्या जागी दम लागेल. दुसरं काम बघा." दुसरी कामं झाडाला लागलेली असतात असं डॉक्टरांना वाटत असावं. ती दोघं घरी आली आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेडमध्ये गेली. चकाचकला मात्र आता एकच ध्यास लागला, तिखट शेडमधून गेलं पाहिजे.

म्हणून हिरव्या बाटल्यांचा विक्रेता आला तेव्हा त्याला देव भेटल्यासारखं झालं. "सगळं वनस्पतीपासून बनवलेलं," विक्रेता म्हणाला. "हाताला त्रास नाही, नाकाला त्रास नाही, जमिनीत मुरलं तरी हरकत नाही." चकाचक बावीस वर्षांत पहिल्यांदा मालकाच्या मागे लागला, की हे घ्याच.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मालक म्हणाला. "उद्या अकरा वाजता माझ्याच गाडीवर बघू. डावीकडची चाकं जुन्या मालाने, उजवीकडची नव्या मालाने."

चकाचकने नमुन्याची बाटली त्याच संध्याकाळी वापरून पाहिली. काचा सुरेख निघाल्या, ओघळ एक नाही. दारांवरचा चिखल, सीटवरचे डाग, सगळं गेलं. माल खोटा नव्हता. चाकंसुद्धा निघाली, पण दहा मिनिटं भिजवून, ब्रशने घासून, पुन्हा दहा मिनिटं भिजवून. आणि बारा मिनिटांत अख्खी गाडी बाहेर काढणाऱ्या माणसाला ही वीस मिनिटं कोण देणार होतं?

मग त्याने जे केलं ते गाड्या धुणाऱ्यालाच सुचावं. सकाळी सातला, शेडमध्ये कोणी नसताना, त्याने रात्रभर तिथेच उभ्या असलेल्या मालकाच्या गाडीची उजवी चाकं तिखट मारून लख्ख केली. वर टाकीतला काळा गाळ हाताने लिंपला आणि सुकू दिला. अकरा वाजता सगळे गोळा झाले. डावीकडे बायकोने तिखट मारलं, खोकली, घासलं. उजवीकडे चकाचकने हिरवा फवारा मारला, नुसतं पाणी सोडलं, आणि गाळ खाली वाहून गेला. विक्रेत्याचासुद्धा स्वतःच्या मालावर विश्वास बसेना. बायको हसली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती, आणि ते पाहून हा गडी मनातून इतका सुखावला की विचारू नका.

मालकाने कॅन मागवले आणि दारावर 'पर्यावरणपूरक धुलाई' अशी हिरवी पाटी लावली. तिखट बंद. आता हाताला, नाकाला काही होत नाही म्हटल्यावर मोजे आणि पट्ट्याही बंद. आठवडाभरात गिऱ्हाइकं चाकांकडे बोट दाखवायला लागली.

"त्या दिवशी तर नुसत्या पाण्याने निघालं होतं," मालक बायकोला सगळ्यांसमोर म्हणाला. "माल तोच, गाडी तशीच. मग हात चालत नाहीत का बाईंचे? या महिन्यात सुधारलं नाही, तर चाकांवर दुसरी बाई बसेल."

चकाचक शेजारीच उभा होता. खरं सांगावं तर दोघांची कामं जाणार, न सांगावं तर तिला बोलणी बसणार. आपलेच दात, आपलेच ओठ. तो काच पुसत राहिला.

पण पुढच्या आठवड्यात चाकं चमकायला लागली. मालक गप्प झाला. चकाचकला वाटलं, हिला काही युक्ती सापडली असेल. खोकला कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. तरी आत साठलेलं बाहेर पडत असेल अशी समजूत त्याने करून घेतली. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो. मग एका दुपारी, तिच्या पिशवीतून डबा काढताना, डब्याखाली गुंडाळलेली बाटली त्याच्या हाताला लागली. झाकण उघडायची गरजच पडली नाही. त्याने तिचे हात धरून पाहिले. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून निघाली होती.

"कधीपासून?"

"मालक बोलले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," ती म्हणाली. "हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. तुम्हाला सांगणार नव्हते. तुम्ही एवढी खटपट करून ते आणलंत. माल चांगलाच आहे हो, तुमच्या हाताने चाकं कशी निघाली, मी पाहिलंय ना. माझ्याच हातात आता जोर राहिला नाही."

तेव्हा त्याने सांगितलं. सकाळचे सात, तिखट, गाळ, सगळं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"म्हणजे माझे हात चालतात," ती म्हणाली.

"हो."

"मालकाला सांगून उपयोग नाही ना?"

"नाही. दोघांनाही काढेल."

बाहेर हॉर्न वाजला. पुढची गाडी फरशीवर चढत होती. तिने बाटली उचलली, आणि बारा मिनिटं तिला दारावरच्या पाटीकडून कोणी पाहू नये म्हणून तो गाडीच्या त्या बाजूला जाऊन उभा राहिला.