लेकीची अकरावी-बारावी

भूकंप झाला त्या सकाळी माझी लेक तीन वर्षांची होती आणि मी लातूरच्या कोषागाराची अधिकारी. त्या खुर्चीवर बसलेली पहिलीच बाई. आम्ही सगळे घराबाहेर बसलो होतो, तेवढ्यात शिपाई आला.

"मॅडम, कलेक्टर साहेबांनी बोलावलंय. मदतीचे पैसे काढायचेत."

लेक पदर सोडेना. शेजारीच राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीने तिला उचललं. "जा तू. गावंच्या गावं बसलीत म्हणं तिकडं. पोरीला मी बघते."

गेले ती तिसऱ्या दिवशी परतले.

पुनर्वसनाच्या कामामुळे पुढे दिल्लीला अर्थ मंत्रालयात बोलावणं आलं, आणि काही वर्षांनी युरोपातल्या आपल्या दूतावासात आर्थिक सल्लागाराची नेमणूक. हदगावच्या शाळेत शिकलेली मी परदेशी अधिकाऱ्यांशी कर्जाच्या अटींवरून भांडत होते. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

लेक तेव्हा अकरावीत. डॉक्टर व्हायचं तर लातूरलाच शिकायचं, हे तिचंच म्हणणं. ती मावशीकडे राहिली. माझे यजमान भोकरला शिक्षक. शनिवारी एसटीने तिला भेटायला जायचे. मी रविवारी फोन करायची.

"जेवलीस?"

"हाव."

एकदा म्हणाली, "आई, क्लासमधल्या पोरींच्या आया इथं खोली करून राहून राहिल्यात. डबे आणून देतात."

तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत आमच्या सगळ्या अटी मान्य झाल्या. लोक हात मिळवत होते, आणि मला क्लासच्या फाटकाशी डबा धरून उभं राहावंसं वाटत होतं.

बारावीच्या दिवाळीत आठ दिवसांची रजा मिळाली. पोचल्याबरोबर मी वरणफळं केली. दोन घास खाऊन लेक म्हणाली, "छान झालंय." पाहुण्यांना म्हणतात तसं. मग बहिणीकडे वळून, "मावशी, तुझा ठेचा दे ना." बहिणीने माझ्याकडे बघायचं टाळलं.

आता लेकीचा नांदेडला दवाखाना आहे. निवृत्त झाल्यापासून मी तिच्याकडेच असते. परवा विचारलं, "तेव्हा माझा राग यायचा का गं?"

"राग कशाला? मी पोरींना ऐटीत सांगायची, माझी आई देशाच्या वतीने बोलते म्हणून."

ती हसत होती. ताप आल्यावर कुणाला हाक मारायचीस, हे ओठांवर आलं होतं. पण बाहेर पेशंट थांबले होते. ती उठली.