थांबणारं विमान

वेळबाई हे नाव बाईंना ऑफिसातल्यांनी ठेवलं आणि घरी नवऱ्याने ते उचललं. ऑफिसात ते कौतुकाने म्हणायचे, घरी खवचटपणे. खरं सांगायचं तर दोन्हीकडचं बरोबर होतं.

बाई कामाला होत्या खासगी विमानं भाड्याने देणाऱ्या कंपनीत. तिकीट नव्हे हो, अख्खं विमान. तेही डोकं वाकवून शिरायचं चिमुकलं नव्हे, चांगलं मोठ्या केबिनचं, ताठ चालता येईल असं. चौदा खुर्च्या, एक सोफा, मागे कपडे बदलायला खोली. कुणाची लग्नाची मंडळी, कुणाचे संचालक, कुणाचं नुसतंच भलंमोठं खटलं. सकाळी एका शहरातून उचलायचं, दुसऱ्या शहरात सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. गाड्या, जेवण, खुर्च्या, रुसवेफुगवे, सगळं बाईंच्या गळ्यात.

या धंद्याची सगळी ऐट एका वाक्यात आहे: ‘तुम्ही विमानासाठी थांबायचं नाही, विमान तुमच्यासाठी थांबेल.’ बाई हे वाक्य फोनवर रोज म्हणायच्या आणि रोज त्याची फळं भोगायच्या. कारण जे थांबतं त्याच्यासाठी कोण धावणार? बस चुकेल म्हटलं तर माणूस चपला हातात घेऊन पळतो. विमान आपलंच म्हटलं की तोच माणूस दोनदा दाढी करतो. बाई विचारायच्या, “साहेब, कुठवर आलात?” उत्तर ठरलेलं. “शेवटच्या सिग्नलला आहोत, पाच मिनिटं!” आणि मागून आंघोळीच्या पाण्याचा आवाज.

बाईंनी यावर उपाय शोधला होता. खरी वेळ फक्त कॅप्टनला सांगायची. मंडळींना सांगायची चांगली तासभर अलीकडची. मंडळी आपण उशीर केला म्हणून ओशाळी होऊन चढायची आणि विमान अगदी वेळेवर उडायचं. ओशाळलेलं गिऱ्हाईक चहा गार आहे म्हणून कुरकुरत नाही, हा वरचा फायदा.

दुसरी कला बसवण्याची. मोठ्या विमानात खुर्च्या समोरासमोर असतात. निम्म्यांना पाठ पुढे करून उडावं लागतं आणि मानी माणसाला ते खपत नाही. त्यातून पैसेवाल्या घरात एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं तरी निघतातच. बाई दाराशी उभ्या राहून “काका, ही खिडकी मी तुमच्यासाठीच राखलीये” असं करत सगळ्यांना बसवायच्या. प्रत्येकाला वाटायचं, मानाची खुर्ची ती आपलीच.

लोकांची उड्डाणं सांभाळता सांभाळता घरचं मात्र सगळं हुकत गेलं. लेकीच्या शाळेत नाटक असायचं. बाई धापा टाकत पोचायच्या तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत असायचा आणि लेक पायरीवर बसलेली, तोंडाला रंग तसाच.

“काय झाली होतीस गं?”

“झाड.”

भांडायची नाही, रडायची नाही. चांगली आदळआपट केली असती तर परवडलं असतं, असं बाईंना वाटायचं.

तीच लेक मोठी झाली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली आणि तिथेच स्वतःचं जमवून मोकळी झाली. मुलगा चांगला होता. लग्नाचा बडेजाव नको, कचेरीत जाऊन सह्या करायच्या, असं दोघांनी ठरवलं. फोनवर ती म्हणाली, “आई, बाराला सह्या आहेत. बाराला म्हणजे बाराला. तिथले साहेब कुणासाठी थांबत नाहीत.”

“एक वेळ सूर्य उगवायचा राहील, पण तुझी आई...”

“सूर्याला मध्ये घेऊ नकोस,” नवरा पेपरातून म्हणाला.

आता योगायोग बघा. नेमकं त्याच दिवशी फरशांच्या व्यापाऱ्याचं अख्खं कुटुंब त्याच शहरात निघालं होतं, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला. मालक म्हणाले, “बाई, तुम्हीही त्यांच्याबरोबर जा. त्यांना नीट बसवा, दिवसभर लेकीकडे राहा, संध्याकाळी त्यांना घेऊन परत या.” बाई हवेतच तरंगत घरी आल्या.

नवरा म्हणाला, “त्यापेक्षा आदल्या दिवशी माझ्याबरोबर बसने चल.”

“बसने? अहो, चौदा खुर्च्यांचं विमान मला तिथे सोडतंय!”

“विमान सोडेल गं. माणसं सोडतील का?”

पण बाईंच्या अंगात वारं शिरलं होतं. त्यांनी विहीणबाईंना फोनवर सांगूनही टाकलं होतं, “मी आमच्या विमानाने येते.” ‘आमच्या’ जरा जास्तच झालं, पण तोंडातून गेलं ते गेलं. नवरा एकटाच बसने गेला. आणि बाईंनी फरशीवाल्यांना यावेळी तासाऐवजी चांगली दोन तास अलीकडची वेळ दिली. स्वतःचं पोर होतं ना पलीकडे!

त्या सकाळी बाई ठेवणीतले कपडे घालून विमानाच्या जिन्याशी उभ्या राहिल्या. उशिराने का होईना, फरशीवाल्या भावांतले थोरले आले. त्यांच्या मागून त्यांच्या आत्याबाई आल्या, पहिल्या पायरीवर चढल्या आणि तोंडावर हात ठेवून थांबल्या. कवळी घरी राहिली होती.

“फोटो काढायचेत ना तिथे?” आत्याबाई म्हणाल्या. “बोळकं घेऊन उभी राहू का?”

गाडी कवळी आणायला परत गेली. धाकट्यांचा तर पत्ताच नव्हता. फोन केला तर म्हणे शेवटच्या सिग्नलला आहोत. थोरले मात्र खुर्चीत रेलून म्हणाले, “असू द्या हो बाई. विमान आपलंच आहे, कुठे पळून जातंय!” बाईंचंच वाक्य, बाईंच्याच तोंडावर.

धाकटे आले, कवळी आली, तर आणखी निराळंच. विमान थांबतं, धावपट्टी थांबत नाही. उडायची पाळी ठरलेली असते. ती गेली होती आणि पुढची मिळेपर्यंत बसून राहणं आलं. तिकडे बारा वाजायला आले. बाईंनी लेकीला फोन केला, “बाळा, तू कर सही, माझ्यासाठी थांबू नकोस.”

“ये तू,” लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला. नेहमीसारखी शांत. बाईंना तेच सोसेना.

वर गेल्यावर सगळे खुशीत होते. आत्याबाई कडाकडा बदाम खात होत्या. बाई स्वयंपाकघराशेजारच्या घडीच्या खुर्चीवर, पाठ पुढे करून बसल्या होत्या. बस पहाटेच पोचली असणार. नवऱ्याने चहासुद्धा घेतला असणार. सगळ्या जगाला थापा मारून वेळेवर पोचवलं मेल्यांना, आणि स्वतः? सरबताचे ग्लास भरता भरता बाई रडल्या, आणि डोळे पुसून ग्लास घेऊन बाहेर आल्या.

उतरल्याबरोबर फरशीवाल्यांना गाड्यांत कोंबलं आणि बाईंनी टॅक्सी पकडली. कचेरीच्या आवारात खणलेलं होतं, टॅक्सी आत जाईना. बाईंनी चपला हातात घेतल्या आणि पळत सुटल्या.

आत लेक बाकावर बसली होती. शेजारी जावई, नवरा, विहीणबाई.

“झालं ना गं सगळं?” बाई धापा टाकत म्हणाल्या. “चुकलं माझं. तुझे बाबा म्हणत होते बसने चल...”

“आई, आधी बस. पाणी पी. अजून वेळ आहे.”

“कशाला?”

“सह्यांना. आपली पाळी दोनची आहे.”

“बारा म्हणाली होतीस!”

“तुला बारा सांगितली.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो छताचा पंखा बघत होता. विहीणबाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. म्हणजे गावाला ठाऊक होतं, एकट्या बाईंना सोडून! बाई चिडल्या. “मी काय गिऱ्हाईक आहे तुझं? माझंच औषध मला पाजतेस?”

लेक केसांतली पिन नीट करत होती. “नाटकाच्या वेळीसुद्धा मी तुला तासभर अलीकडची वेळ सांगायचे,” ती म्हणाली. “तुझं फोनवरचं ऐकूनच शिकले होते. पण तास पुरायचा नाही. यावेळी दोन तास धरले.”

नऊ-दहा वर्षांची पोर रंग लावून हिशोब करते, आई किती उशिरा येईल याचा. आणि तो हिशोबही आई चुकवते. बाई चपला हातात धरूनच बसल्या.

“आले ना पण आज?” त्या म्हणाल्या.

“आलीस,” लेक म्हणाली आणि तिने आईच्या हातातल्या चपला घेऊन खाली ठेवल्या.

सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून बाईंनी केलेली सही इतकी वाकडी आली की साहेबांनी दोनदा बघितली. मग सगळे लेकीच्या नव्या घरी गेले. दोन खोल्या, खुर्च्या मोजून चार. कुणी पलंगावर, कुणी जमिनीवर, कुणाला बसवावं लागलं नाही. जेवणं रेंगाळली, गप्पा निघाल्या. लेक पहिल्यांदाच त्या झाडाच्या नाटकाची नक्कल करून दाखवत होती आणि जावई हसून लोळत होता.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. कॅप्टन होते. “ताई, सगळे विमानाशी येऊन उभे आहेत, आज चक्क वेळेवर! पण थोरले धाकट्यांसमोर बसत नाहीत आणि आत्याबाई पाठ पुढे करून बसायला तयार नाहीत. भांडणं पेटलीत. तुम्ही कुठवर आलात?”

झाडाच्या पहिल्या फांदीला आता कुठे पान फुटत होतं. लेक हात पसरून तशीच थांबली, आईकडे बघत.

“शेवटच्या सिग्नलला आहे हो,” बाई म्हणाल्या. “पाच मिनिटं!”

त्यांनी फोन उशीखाली सरकवला आणि मांडी घालून ऐसपैस बसल्या.

“हं, मग? पुढे काय करतं झाड?”

“आई, ते लोक...”

“तू कर गं. विमान थांबतं.”