खताच्या टेपवरचं कीर्तन

"मॅडम, खताचा कार्यक्रम कधीच संपला. आता काय ऐकताय?"

आमचे स्टेशन हेड दारात उभे होते. टेप फिरत होती आणि हेडफोनमध्ये नुसती खरखर होती. मी हातानंच थांबा म्हटलं.

नगरच्या एका सरकारी रेडिओ केंद्रात मी टेप लायब्ररी सांभाळते. जुने कार्यक्रम लोकांना ऑनलाइन ऐकता यावेत असा आदेश आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, कपाटं उघडायची आणि फाइली चढवायच्या. तसं नसतं. अर्ध्या तासाची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला अर्धा तास वाजवावीच लागते. म्हणून साहेबांचा नियम होता, शेवटची अनाउन्समेंट झाली की टेप बंद.

मी तो पाळत नव्हते. पूर्वी टेपांचा तुटवडा असायचा. जुना कार्यक्रम पुसायचा म्हणजे त्याच टेपवर नवा रेकॉर्ड करायचा. नवा लहान असला की जुन्याचं शेपूट मागे उरायचं. मी तसलंच एक शेपूट शोधत होते.

ते हवं होतं मार्थाबाईंना. श्रीरामपूरकडच्या, सत्तरीच्या पुढच्या. वडील ख्रिस्ती कीर्तनकार. गोष्ट बायबलातली, चाली आणि टाळ आपले देशी. आमच्याकडे त्यांचं एकच कीर्तन रेकॉर्ड झालं होतं आणि तेही नंतर पुसलेलं. वेबसाइटवर सापडेना म्हणून बाई एसटीनं थेट केंद्रावर आल्या होत्या.

"ताई, बाचं तोंड अजून दिसतंय मला," त्या म्हणाल्या, "पन आवाज इसरत चाललाय. तेवढा द्या."

पुसलंय, असं सांगूनही त्या खुर्चीतून हलेनात. मग मीही हट्टाला पेटले. कीर्तनानंतरच्या काळात शेती विभागानं वापरलेल्या टेपा काढल्या आणि एकेक पार शेवटपर्यंत लावायला घेतली.

साहेब दारात उभे असतानाच खरखर थांबली आणि टाळ वाजले. मी हेडफोनची वायर उपटली. खोलीभर भारदस्त आवाज घुमला. उधळ्या पुत्राचं आख्यान होतं. मुलगा सगळं उडवून घरी परत निघालाय, तिथून पुढचं. साहेब शेवटपर्यंत उभे राहून ऐकत होते.

"गोड आहे," ते म्हणाले. "पण सुरुवात नाही, नाव नाही. कोणाचं म्हणून टाकणार? उद्या कोणी विचारलं तर?"

विचारणं रास्त होतं. मी मार्थाबाईंना बोलावून घेतलं.

साहेबांसमोरच टेप लावली. पहिल्या ओळीला बाईंनी डोळे मिटले. दुसरी ओळ त्यांनी टेपच्या आधी म्हटली. तिसरीही.

"सुरुवात येते का तुम्हाला?" मी विचारलं.

"न यायला काय झालं? बाच्या मागं उभं ऱ्हाऊन मीच तर झील धरायची."

झील धरायची म्हणजे कीर्तनकाराची ओळ मागून उचलून म्हणायची. हे आख्यान त्यांनी गावोगाव तसं म्हटलं होतं.

"स्टुडिओ उघडा," साहेब आपणहून म्हणाले. त्या दिवशी मला साहेब फार आवडले.

आता साइटवर ते कीर्तन आहे. आधी मुलीचा थकलेला आवाज उधळ्या पुत्राला घराबाहेर पाठवतो. मग जराशी खरखर, आणि बाप त्याला घरी घेऊन येतो. कोणता भाग जुना, कोणता नवा, ते खाली स्पष्ट लिहिलंय. नोकरीत बरंच काही केलं, पण ऊर भरून आला तो याच कामानं. उगीच विनय कशाला दाखवू?

आर्काइव्हला मोठा सर्व्हर लागतो, असं मीटिंगमध्ये सगळे सांगतात. बसून ऐकायला माणूसही लागतं, एवढंच मी हल्ली जोडते.

मार्थाबाईंनी घरी मोबाईलवर ऐकून फोन केला.

"ताई, बा किती तरणे वाटत्यात. आन माझा आवाज हा असा म्हातारा. ऐकनाऱ्याला वाटंल, मीच त्यांची आई हाय."